कपाटाचा कोपरा आणि नानांची नडगी

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. लिहू की नको करता करता वर्ष गेलं. बाबांना विचारलं तर म्हणाले लिही, पण नावं टाकू नको कोणाची. म्हणून इथे फक्त नाती आहेत.

पाऊस नुकताच सुरू झाला होता. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आम्ही चौघं, नाना (म्हणजे मावशीचे यजमान), मावशी, बाबा आणि मी. नानांच्या पायाचा बायोप्सी रिपोर्ट आला होता. डॉक्टर तरुण, बोलायला एकदम सरळ. रिपोर्ट खाली ठेवून म्हणाले, "नाना, तुमच्या त्या लहानपणीच्या भाजलेल्या जागेवरच कॅन्सर झालाय. जखम वर्षानुवर्षं अशी उघडी-बंद होत राहिली की होऊ शकतं असं." मावशीने पदर तोंडाला लावला, नाना पंख्याकडे बघत बसले, आणि मला वाटलं आता बाबा सुरू करतील, खर्च किती, ऑपरेशन कधी, पाय वाचेल ना, कारण आमच्या खानदानात दवाखान्यात प्रश्न विचारायचं खातं बाबांकडेच आहे. तर बाबा एकदम गप्प. मीच विचारलं मग सगळं.

पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडता उघडता ते हळूच म्हणाले, "म्हणजे मार लागून होतोच ना रे कॅन्सर."

प्रश्न नव्हता तो. मी गाडी काढली, मुंबई नाक्याच्या सिग्नलला आलो तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली की हे नानांबद्दल बोलतच नाहीयेत. हे कपाटाबद्दल बोलतायत.

कपाटाचं सांगतो. २०११ चा मे महिना. आत्या तेव्हा जुन्या नाशकात राहायची, तिवंध्याजवळ एका वाड्यात, वरच्या मजल्यावर, आणि तिचं इंदिरानगरला फ्लॅटमध्ये शिफ्टिंग चाललेलं. वाड्यातला जिना ज्याने बघितलाय त्यालाच कळेल, लाकडी, उभा, मधेच वळण, आणि वळणावर डोक्याला लागेल असा वासा. तिचं आरशाचं लोखंडी कपाट खाली आणायचं होतं. हमाल एक आलेला, दुसऱ्याने टांग मारलेली, म्हणून बाबांनी खालची बाजू धरली आणि मी वरची. आत्या खाली उभी राहून "आरसा सांभाळा रे, आरसा" ओरडत होती. वळणावर बाबांचा हात सटकला, कपाट एक पायरी खाली घसरलं आणि त्याचा कोपरा आत्याच्या छातीत, डाव्या बाजूला, असा बसला की तिचा आवाजच बंद झाला. पाच मिनिटं ती पायरीवर बसून होती. मग उठली आणि म्हणाली काही नाही झालं, चहा टाकते. आरशाला ओरखडा पण नव्हता.

दुसऱ्या दिवशी काळंनिळं. आंबेहळदीचा लेप झाला, शेकून झालं, पंधरा दिवसांत निळ्याचं पिवळं होऊन डाग गेलासुद्धा, पण आत काहीतरी हाताला लागत होतं, सुपारीएवढं, कडक. सुनेने जबरदस्तीने नेलं. मॅमोग्राफी, सुईची तपासणी, आणि जूनच्या शेवटी रिपोर्ट. दोन सेंटिमीटरची गाठ, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. आज आत्या ७१ वर्षांची आहे, ठणठणीत, आणि अजूनही भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी अर्धा तास भांडते.

त्या वर्षी तिच्या प्रत्येक केमोला बाबा घेऊन गेले होते. एकही चुकवली नाही. आम्ही सगळे म्हणायचो, भाऊ असावा तर असा. आता सिग्नलला गाडी उभी असताना मला कळलं की हा माणूस तेरा वर्षं डोक्यात काय घेऊन फिरतोय. माझा हात सटकला म्हणून बहिणीला कॅन्सर झाला.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, वीस वर्षं झाली. आमच्याकडे कास्टिंग येतात, म्हणजे धातू ओतून केलेले पार्ट, त्यांना आम्ही बोअर मारतो, फेस करतो, म्हणजे मशीनवर कातून घेतो. कधीकधी होतं काय की मशीनिंग केल्यावर आतून भोक दिसतं, ब्लोहोल. म्हणजे धातू ओतताना आत हवा अडकलेली, तिकडे फाउंड्रीतच, महिनाभर आधी. पण नवीन पोरगा मशीनवर असला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याला वाटतं माझ्याच टूलने भोक पाडलं. त्याला समजवायला लागतं की बाबा तू फक्त वरची कातडी काढलीस, भोक आधीपासूनच होतं, उलट तू काढलीस म्हणून दिसलं, नाहीतर हा पीस गाडीत बसून गेला असता.

कपाटाचं हेच झालं होतं हे मला आतून पटलेलं, पण बाबांना कास्टिंगची गोष्ट सांगून भागणार नव्हतं, कारण डॉक्टरने आत्ताच त्यांच्यासमोर सांगितलं होतं की जुन्या इजेतून कॅन्सर झाला. नानांना इजेतून होतो आणि आत्याला नाही, हे कसं काय? मग मी बसलो वाचायला. रात्री जेवण झालं की मोबाईल, शनिवारी लॅपटॉप, बायको म्हणाली आता डॉक्टरकीची फीपण लाव. नानांच्या डॉक्टरांनाही दोन वेळा गाठलं, ते बिचारे न कंटाळता बोलले.

पहिली गोष्ट म्हणजे हा संशय फार जुना आहे आणि फक्त आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचा नाही. १८९० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बेसी डॅशिएल नावाच्या १७ वर्षांच्या मुलीचा हात रेल्वेच्या डब्यात दोन सीटांमध्ये चेमटला. सूज उतरेना. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली नावाच्या तरुण सर्जनने बघितलं तर हाडाच्या जातीचा कॅन्सर, सार्कोमा. हात कोपराखालून कापला, तरी जानेवारी १८९१ मध्ये ती गेली. कोलीने तिच्यामुळे पुढे आयुष्यभर कॅन्सरवर काम केलं, आणि मार लागून कॅन्सर होतो असं त्याचंही मत होतं. म्हणजे एवढा मोठा सर्जन पण बाबांच्याच बाजूचा!

पुढे कारखान्यांत कामगारांना नुकसानभरपाई मिळायला लागली तसे हे वाद कोर्टात जायला लागले, की माझ्या अंगावर लोखंड पडलं, आता तिथे गाठ आहे, पैसे द्या. तेव्हा जेम्स युइंग नावाच्या पॅथॉलॉजिस्टने, ज्याच्या नावाने हाडाचा एक कॅन्सरच आहे, १९३५ मध्ये अटी मांडल्या. मार खरंच लागलेला आणि पुरेसा जोरात पाहिजे. ती जागा आधी निरोगी होती हे माहीत पाहिजे. गाठ बरोबर त्याच जागी पाहिजे. गाठीची जात अशी पाहिजे की जी त्या प्रकारच्या इजेतून होऊ शकते. आणि मधला काळ बसला पाहिजे. वाचून मला हसूच आलं, कारण कस्टमरची कंप्लेंट आली की आम्हीही हेच करतो, पीस आमचाच का, बॅच कुठली, डिफेक्ट आमच्या प्रोसेसमधून येऊ शकतो का, तारीख जुळते का.

तर आत्याची केस तारखेलाच रिजेक्ट होते. नानांच्या डॉक्टरांनी मला कागदावर दाखवलं. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार असं करत तिथे पोचायला ३० वेळा दुप्पट व्हावं लागतं. दोन सेंटिमीटरची गाठ म्हणजे आकारमानाने आठपट, आणखी तीन वेळा दुप्पट. स्तनाच्या बऱ्याच गाठींना एकदा दुप्पट व्हायला काही महिने लागतात. मेमध्ये कपाट लागलं आणि जूनमध्ये दोन सेंटिमीटर, हे गणितात कुठेच बसत नाही. मार लागल्यावर हात तिथे जातो, आपण चाचपतो, डॉक्टर बघतो, फोटो निघतो, आणि जे आत आधीच बसलेलं असतं ते सापडतं.

याचा एक चांगला पुरावा डेन्मार्कमधून आलाय, १९९८ चा अभ्यास आहे. डोक्याला मार लागून हॉस्पिटलमध्ये भरती झालेले दोन लाखांहून जास्त लोक घेतले आणि त्यांना पुढे मेंदूचे ट्यूमर किती होतात ते बघितलं. पहिल्या वर्षात भरपूर सापडले. आणि त्यानंतर? ग्लिओमा म्हणजे मेंदूचा जो मुख्य कॅन्सर, त्याचं प्रमाण बाकी जनतेच्या जवळपासच आलं. माराने ट्यूमर होत असता तर उलटं दिसायला पाहिजे होतं ना, सुरुवातीला कमी आणि वर्षं जातील तसे जास्त. पहिल्या वर्षात दिसले कारण डोक्याचा स्कॅन निघाला. काही जण तर ट्यूमरमुळेच चक्कर येऊन पडले असणार.

आणि आठवणीचा खेळ वेगळाच. ज्याला कॅन्सर झाला त्याला विचारा, तिथे कधी लागलं होतं का, तो हमखास काहीतरी शोधून काढतो. मी कंपनीत एक प्रयोग केला, चहाच्या वेळी आमच्या लाइनच्या अकरा जणांना विचारलं की गेल्या वर्षभरात कुठे मार लागला. सुरुवातीला सगळे "नाही ओ सर". मग एकाला आठवलं रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उडी मारताना कोणाचा तरी गुडघा बरगडीत बसलेला, एकाला ट्रॉलीचं हँडल, एकाच्या पोटात म्हशीने शिंग घातलेलं (तो दिंडोरीचा), आणि ब्रेक संपेपर्यंत अकराच्या अकरा जणांचा मार निघाला. यातल्या कोणाला उद्या काही झालं, देव करो न होवो, तर घरचे म्हणणार, बघा, तेव्हाच मी म्हटलं होतं.

इथवर बाबांसाठी माझी केस पक्की झाली होती. पण मग नानांचं काय?

नाना पिंपळगावकडचे, द्राक्षवाले. नऊ वर्षांचे असताना त्यांच्या घरी आंघोळीचा तांब्याचा बंब होता, तो कलंडला आणि उकळतं पाणी उजव्या नडगीवर. त्या काळी कुठलं स्किन ग्राफ्टिंग, केळीच्या पानावर झोपवलं, महिनोन्महिने तूप-बीप लावलं, आणि जखम जशी जमेल तशी भरली. मी लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे जायचो तेव्हा त्या नडगीची मला भीती वाटायची. गुडघ्याच्या खाली चार बोटं सुरू व्हायचं ते घोट्यापर्यंत. केस नाहीत, घाम नाही, कुठे पांढरी, कुठे गुलाबी, आणि भिजवून वाळवलेल्या वहीच्या कागदासारखी पातळ, ताणलेली चकचकीत कातडी. दर हिवाळ्यात ती फुटायची. बागेत तारेचं टोक लागलं, अँगलला घासली, की फुटायची. मग नाना दगडी पाल्याचा रस पिळायचे, नाहीतर कॅप्सूल फोडून तिची पावडर टाकायचे, पंधरा दिवसांत खपली, की पुन्हा बागेत. असं ५७ वर्षं.

शेवटची जखम मात्र भरलीच नाही. छाटणीच्या वेळी ऑक्टोबरमध्ये फुटली ती मेपर्यंत तशीच. गावातल्या दवाखान्यात आठ महिने ड्रेसिंग चालू, ट्यूब बदल, गोळ्या बदल, "शुगर आहे का बघू". शुगर नव्हती. कडा वर आल्या होत्या, उलटलेल्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मधेच वाढलेलं, हात लागला की रक्त, आणि वास. मावशीने मला फोन केला तो वासामुळे केला, म्हणाली धूप लावला तरी जात नाही रे. आठ महिन्यांत एकदाही तुकडा काढून तपासावा असं त्या डॉक्टरांना का वाटलं नसेल, मला खरंच राग आहे त्याचा, पण आपल्यालाही वाटलं नाही हेही तितकंच खरं, मी दिवाळीत जाऊन ती पट्टी बघून आलो होतो आणि "काळजी घ्या नाना" म्हणून फराळ करून परत आलो होतो.

या प्रकाराला नाव आहे, मार्जोलिनचा अल्सर. मार्जोलिन हा फ्रेंच सर्जन, त्याने १८२८ मध्ये अशा जुन्या व्रणांवरच्या वाढीचं वर्णन केलं, गंमत म्हणजे हा कॅन्सर आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, ते नंतरच्या लोकांनी ओळखलं. भाजल्याचे जुने व्रण, हाडातून वर्षानुवर्षं पू येत राहणारी जखम, न भरणारे पायाचे अल्सर, यांच्यावर हा उगवतो. भाजल्यापासून कॅन्सरपर्यंत सरासरी ३० वर्षं वगैरे जातात. सगळ्यांना होत नाही, जुन्या भाजलेल्या व्रणांत १ ते २ टक्के असं सांगतात. पण झाला तर उन्हाने होणाऱ्या नेहमीच्या त्वचेच्या कॅन्सरपेक्षा जास्त दांडगा असतो.

आता यात आणि कपाटात फरक काय, तर एकदाच बसलेला मार शरीर दुरुस्त करून मोकळं होतं. पेशी वाढतात, रक्तवाहिन्या येतात, खपली पडते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम थांबतं. नानांच्या नडगीवर ते काम ५७ वर्षं थांबलंच नाही. फुटलं की दुरुस्ती, पुन्हा फुटलं की पुन्हा दुरुस्ती, प्रत्येक वेळी पेशींची नवीन कॉपी आणि प्रत्येक कॉपीत चुकीचा एक चान्स. त्यात व्रणाची कातडी म्हणजे रक्तपुरवठा कमी, लसिकेच्या वाहिन्या बंद झालेल्या, म्हणजे शरीराचे पोलीस, रोगाशी लढणाऱ्या पेशी, गस्त घालायला तिथे नीट पोचतच नाहीत. हॅरोल्ड ड्वोराक नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९८६ मध्ये लिहिलेलं एक वाक्य यासाठी सारखं सांगितलं जातं, की ट्यूमर म्हणजे न भरणारी जखम. जखम भरताना जी यंत्रणा चालू होते तीच ट्यूमर स्वतःसाठी चालू ठेवतो, बटण बंदच होऊ देत नाही.

जखम अगदीच साधीभोळी असते असंही नाही बरं का. कोंबड्यांवरचा एक प्रयोग आहे १९८५ चा, मिना बिसेल यांच्या टीमचा. कोंबड्यांना कॅन्सर करणारा एक व्हायरस असतो, राउस नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात, तो एका पंखात टोचला की त्याच पंखात ट्यूमर येतो, व्हायरस रक्तातून सगळीकडे फिरत असला तरी बाकी अंगावर नाही. पण दुसऱ्या पंखावर नुसती जखम केली की तिथेही ट्यूमर! म्हणजे बिघाड आधीच तयार असेल तर जखमेतली ती वाढीची धामधूम त्याला रान मोकळं करून देते. पण व्हायरस नसलेल्या कोंबडीला जखम केली तर ती जखम गुपचूप भरते, बस.

आपल्याकडे तर या "रोजच्या इजे"ची उदाहरणं घरातलीच आहेत. काश्मीरमध्ये फेरनच्या (पायघोळ झग्याच्या) आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसतात, तिच्या धगीने मांड्यांवर आणि पोटावर होणारा कांगडी कॅन्सर. आणि आपले डॉ. वसंत रामजी खानोलकर, टाटा मेमोरियलचे, त्यांनी १९४५ मध्ये धोतर कॅन्सर नोंदवला. धोतर रोज त्याच जागी कमरेला कचकचून बांधायचं, घाम, घासणं, कातडी काळी पडायची, सोलायची, आणि काही जणांना वर्षांनंतर तिथेच कॅन्सर. बायकांच्या परकराच्या नाडीचंही तेच. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलवाल्यांच्या केस रिपोर्टमध्ये अशा दोन बायकांची माहिती आली, लिहिणाऱ्या डॉक्टरांत वर्ध्याचे डॉक्टर होते, आणि त्यातली एक बाई परकर न घालता लुगडंच घट्ट नेसायची, ४० वर्षं. हे मी मावशीला वाचून दाखवलं तर तिने ताबडतोब कमरेवर हात नेला. तिच्याही कमरेला तो काळा पट्टा आहेच, आपल्या सगळ्यांच्या आयांना असतो. काळा पट्टा म्हणजे कॅन्सर नाही, घाबरू नका. नाडी रुंद पट्टीची घ्यायची, सैल बांधायची, जागा बदलायची, आणि तिथे जखम होऊन ती भरत नसेल तर दाखवायचं.

उकळत्या चहाचंही आहे. ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारण ठरतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं, म्हणजे चहाचा दोष नाही, चटक्याचा आहे. नाना चहा कपातून बशीत आणि बशीतून तोंडात ओतायचे, त्यातल्या त्यात बरंच म्हणायचं.

एक गोष्ट मात्र ऐकली की माझं डोकं सटकतं. "त्याला दात टोचत होता म्हणून तोंडाचा कॅन्सर झाला." टोचणारा दात घासून घ्यायलाच पाहिजे, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायलाच पाहिजे, सगळं मान्य. पण ज्याच्याबद्दल हे सांगतात त्याच्या गालात तीस वर्षं चुना-तंबाखूची गोळी होती ते कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे आणि आमच्या कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर काय काय मिळतं ते मी रोज बघतो. सगळं खापर दातावर.

दुसरं पोरांचं. वाढीच्या वयात, दहा ते वीसच्या दरम्यान, गुडघ्याच्या आसपास हाडाचा कॅन्सर होतो, क्वचित होतो पण होतो, आणि त्याच वयात पोरं कबड्डी-क्रिकेट खेळून रोज पडत असतात, त्यामुळे सूज आली की "खेळताना लागलं" म्हणून सगळे मोकळे. मग मालीश, मग हाड बसवणारा. तीन-चार आठवडे झाले तरी दुखतंय, रात्री झोपेतून उठवतंय, सूज वाढतेय, तर आधी एक्स-रे काढा, चोळत बसू नका. एवढंच.

नानांवर येतो. बायोप्सीलाच ते तयार नव्हते, सुई टोचली की पसरतो म्हणाले, बागेत मजुरांनी सांगितलेलं. डॉक्टरांनी त्यांच्या भाषेत सांगितलं की नाना, कीड कुठली हे कळल्याशिवाय तुम्ही फवारणी करता का? तेव्हा पाय पुढे केला. कडेवरून चार ठिकाणचे तुकडे घेतले, मधलं बरंचसं मेलेलं असतं म्हणून कडा महत्त्वाची. जांघेतल्या गाठींची सोनोग्राफी केली, सुदैवाने तिथे काही नव्हतं. जुलैमध्ये ऑपरेशन, आजूबाजूच्या दोन सेंटिमीटर कातडीसकट सगळं काढलं, मांडीची कातडी काढून तिथे लावली. पाय वाचला. नाना म्हणतात आयुष्यात पहिल्यांदा नडगीवर बरी कातडी आली, फक्त साठ वर्षं उशिरा.

आणि बाबा. त्यांना मी हे सगळं एका रविवारी सांगितलं. ते नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून (नोटा-स्टॅम्प छापतात तिथून) रिटायर झालेले, जन्मभर मोजणी केलेला माणूस, कोंबड्या आणि डेन्मार्क त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण ते दुपटीचं गणित निघालं तेव्हा उठले, चष्मा आणला, लाइटबिल उलटं केलं आणि स्वतः मांडायला बसले. १, २, ४, ८. तेहतीसपर्यंत सगळे आकडे लिहिले, मी कॅल्क्युलेटर दिला तर बाजूला सारला. शेवटचा आकडा आठशे एकोणसाठ कोटींच्या घरात गेला. मग विचारलं, दुप्पट व्हायला किती दिवस? मी म्हटलं समजा तीन महिने, खऱ्या गाठी अशा घड्याळावर वाढत नसतात पण समजा. ३३ गुणिले ३, नव्याण्णव महिने. जून २०११ मधून नव्याण्णव महिने मागे मोजले, बोटांवर, ओठ हलवत.

"मार्च २००३," म्हणाले. "सिंहस्थाच्याही आधी."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या सिंहस्थात आमच्याकडे गावाकडची माणसं उतरली होती आणि आत्या दोन महिने जवळजवळ आमच्याच घरी होती, पंचवीस-तीस माणसांच्या पुऱ्या लाटायला. बाबांनी लाइटबिलाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. बिल अजून भरलेलं नव्हतं, मी नंतर ऑनलाइन भरलं.

भाऊबीजेला त्यांनी ओवाळून घेतलं आणि पाटावर बसल्या बसल्याच आत्याला सगळं सांगून टाकलं. कपाट, हात सटकला, तेरा वर्षं, नव्याण्णव महिने, सगळं एका दमात. आम्ही सगळे गप्प. आत्याने ताम्हण खाली ठेवलं. म्हणाली, "अरे ती गाठ मला संक्रांतीपासूनच हाताला लागत होती."

"काय?"

"आंघोळीच्या वेळी. फ्लॅटचा ताबा मिळायचा होता, घरात बारशाचं होतं, म्हटलं आता कुठे काढू. मग ते कपाट लागलं, सुनेने विचारलं काय झालं, तर सांगायला बरं पडलं."

बाबांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तू तरी कधी विचारलंस?" असं म्हणून ती आत करंज्या आणायला गेली. बाबा त्या दिवशी तिच्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाहीत. ते कपाट अजून तिच्या बेडरूममध्ये आहे, आरसा शाबूत. त्याच्या खालच्या कोपऱ्याला रबराचा तुकडा चिकटवलेला आहे, तो मी कित्येक वर्षं बघतोय, मला वाटायचं नातवंडांना लागू नये म्हणून लावलाय. जाता जाता आत्याला विचारलं तर म्हणाली, मी नाही लावला, तुझ्या बाबानेच लावला होता, शिफ्टिंगच्या दुसऱ्याच दिवशी येऊन.

गुरुवारी नानांची तपासणी आहे, दर तीन महिन्यांची. बाबा म्हणालेत सुट्टी टाकू नको, मीच नेतो.